रोही, रानडुक्कर आणि रायफलचा बोअर : सेलूच्या शिवारात कोणती बंदूक चालते?

हरभरा फुटायला लागला, तूर शेंगांवर आली की सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर या भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर तेच फोटो फिरू लागतात. आडवं झालेलं पीक, ओल्या मातीत उमटलेले खूर आणि खाली एखादी प्रतिक्रिया : "बंदूक घ्या म्हणावं आता." मग चर्चा बंदुकीवर येते. कोणी बारा बोअर म्हणतं, कोणी .३१५ म्हणतं, कोणी आफ्रिकेतल्या शिकारीचा व्हिडिओ टाकतं आणि विचारतं, "असली रायफल आपल्याकडं मिळते का?"

बोअर म्हणजे काय, कोणत्या जनावराला किती ताकद लागते, आफ्रिकेत हा हिशोब कसा करतात आणि परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला त्यातलं काय लागू होतं, हे या लेखात क्रमाने पाहू.

थोडक्यात

- आफ्रिकेत आधी जनावर ठरतं आणि त्यावरून रायफल. आपल्याकडे आधी कायदा येतो आणि त्यातून उरते ती बंदूक.
- बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. एक असली म्हणून दुसरी मिळत नाही.
- रोही आणि रानडुकरासाठी लेखी परवानगीची वाट आहे. पिकाच्या नुकसानीसाठी काळवीट मारण्याची वाट कायद्यात नाही.

बोअर, कॅलिबर आणि काडतूस

बंदुकीच्या नळीचा आतला व्यास म्हणजे बोअर किंवा कॅलिबर. रायफलमध्ये तो इंचाच्या किंवा मिलिमीटरच्या मापात सांगतात. .३१५ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले ३१५, म्हणजेच ८ मिलिमीटर. .२२ म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर.

बारा बोअरचं गणित मात्र निराळं आहे. एक पौंड शिसं घेऊन त्याच्या सारख्या आकाराच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. म्हणून इथं आकडा वाढला की नळी लहान होते. सोळा बोअर ही बारा बोअरपेक्षा बारीक असते.

दुसरा फरक नळीच्या आतल्या बाजूचा. रायफलच्या नळीत पेचदार खाचा असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ आणि लांब जाते. बारा बोअरची किंवा ठासणीची बंदूक आतून गुळगुळीत असते. तिच्यातून बहुधा छर्रे उडतात आणि ते तीस-चाळीस मीटरनंतर पसरून निकामी होऊ लागतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढे कायदा नेमका याच्यावरच बोट ठेवतो.

तिसरी गोष्ट काडतुसाची. बोअर सारखा असला तरी काडतूस वेगळं असू शकतं. .३०-०६ या प्रसिद्ध काडतुसातली गोळी ७.६२ मिलिमीटरच्या जातीची आहे. नावातला "०६" हा आकडा अमेरिकी लष्कराने ते स्वीकारलं त्या १९०६ सालाचा. एके-४७ ची गोळीही ७.६२ चीच. पण एकाचं पितळी कवच ६३ मिलिमीटर लांब, दुसऱ्याचं ३९. आत मावणारी दारू वेगळी, वेग वेगळा आणि मारही वेगळा. त्यामुळे नुसता बोअर सांगून बंदुकीची ताकद कळत नाही.

आफ्रिकेत रायफल कशी निवडतात?

दक्षिण आफ्रिका, नामिबिया अशा काही देशांत परवाना घेऊन शिकार करता येते. सगळ्या आफ्रिकेत मात्र नाही. केनियाने १९७७ पासून शिकारीवर बंदी घातली आहे. जिथं चालते तिथं पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा माळरानावरच्या जनावरांपासून सुरुवात करतो. हरणाच्या जातीचे इम्पाला, स्प्रिंगबॉक, कुडू, विल्डबीस्ट आणि त्यांच्या जोडीला तिथलं सुळेवालं रानडुक्कर वॉर्टहॉग. हत्ती आणि रेडा यांचा हिशोब वेगळा असतो.

नामिबियाने हा हिशोब नियमातच बसवला आहे. गोळी नळीतून सुटताना तिच्यात किमान किती ऊर्जा असावी, हे जनावराच्या आकारावरून ठरतं :

- स्प्रिंगबॉकसारखी लहान जनावरं : १,३५० ज्यूल
- कुडू, विल्डबीस्ट, ओरिक्स यांसारखी मोठी हरणं : २,७०० ज्यूल
- हत्ती, रेडा यांसारखी महाकाय जनावरं : ५,४०० ज्यूल

ज्यूल हे ऊर्जेचं माप. गोळीचं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, असं शाळेतलंच सूत्र. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. म्हणून हलकी पण वेगवान गोळी कधी कधी जड गोळीला मागे टाकते.

आता हीच जनावरं आपल्या शिवारात ओळखीच्या नावांनी पाहू. काळवीट चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे स्प्रिंगबॉकचा भाऊ आणि इम्पालाहून थोडा लहान. आपलं रानडुक्कर वॉर्टहॉगच्या जागी, पण बरेचदा त्याहून वजनदार. आणि रोही? पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढे जातो, २४० किलोपर्यंतही भरतो. तो थेट कुडू आणि विल्डबीस्टच्या पंगतीत बसतो. रोही हे आशियातलं सर्वांत मोठं हरीण आहे. नावात "नीलगाय" असली तरी ती गाय नव्हे; मात्र शास्त्रीय वर्गीकरणात ती गायीच्याच उपकुळात येते.

रोही किती दणकट आहे, याची साक्ष अमेरिकेत मिळते. टेक्सासमधल्या किंग रँच या प्रचंड मोठ्या कुरणात १९२०-३० च्या दशकांत रोही सोडले गेले आणि तिथं ते हजारोंनी वाढले. तिथले शिकारी रोहीसाठी .३०० विन्चेस्टर मॅग्नमसारखी जबर रायफल सुचवतात, कारण हलक्या गोळीने जखमी झालेला नर दूर निघून जातो आणि सापडत नाही. नराच्या मानेपासून छातीपर्यंतची कातडी विशेष जाड असते.

मग आपल्याकडच्या बंदुका या मापात कुठे बसतात?

आकडे ढोबळ आहेत. गोळीचं वजन आणि वेग बदलला की थोडे बदलतील.

- .२२ रायफल : अडीच ग्रॅमची गोळी, ऊर्जा सुमारे १४० ज्यूल. ही निशाणेबाजीच्या सरावाची रायफल. रोही किंवा डुकरावर ती चालवणं म्हणजे जनावराला हाल करून मारणं.
- .३१५ रायफल : २४४ ग्रेन, म्हणजे सुमारे १५.८ ग्रॅमची जड गोळी. वेग सेकंदाला ६०० मीटर धरला तर ऊर्जा २,८०० ज्यूलच्या आसपास येते. नामिबियाच्या मापाने मोठ्या हरणांच्या रेषेच्या जेमतेम वर.
- .३०-०६ रायफल : १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास, ऊर्जा सुमारे ३,९०० ज्यूल. पहिल्या आफ्रिकन शिकारीसाठी जगभर सुचवल्या जाणाऱ्या काडतुसांपैकी हे एक.
- बारा बोअर : जवळून मोठे छर्रे किंवा एकच जड गोळी वापरली तर डुकरावर परिणामकारक. अंतर वाढलं की भरवसा संपतो.

.३१५ आली कुठून?

इथं भारताचा इतिहास आफ्रिकेच्या शिकारीशी जोडला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारला धास्ती होती की खासगी बंदुकांसाठी आणलेली काडतुसं लष्करी रायफलींत वापरली जातील. म्हणून लष्कराच्या मापाशी जुळणारे .३०३ आणि .४५० हे बोअर भारतात खासगी वापरासाठी बंद झाले.

लंडनच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे भारतातले साहेब आणि संस्थानिक. ते गिऱ्हाईक टिकवायला त्यांनी .४५० च्या आसपासची नवी मापं काढली : .४६५, .४७० वगैरे. हत्ती आणि रेड्याच्या शिकारीत आजही नाव असलेली .४७० नायट्रो एक्सप्रेस ही अशी भारतातल्या बंदीमुळे जन्माला आली.

.३०३ ला पर्याय म्हणून भारतात रुळली ती .३१५. तिचं काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या लष्करी मॅनलिचर रायफलचं. भारतातल्या सैन्याकडे ते नव्हतं, म्हणून चाललं. पुढे बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ आणि .३०-०६ या दोन्ही शिकारी रायफली तयार झाल्या. काडतुसांसाठी आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं नाव आहे. हा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ मध्ये हे सरकारी कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला.

ब्रिटिश गेले, पण तर्क राहिला. लष्कर आणि पोलिसांच्या दारूगोळ्याशी जुळणारे .३०३, ७.६२, ९ मिलिमीटर हे बोअर आजही सामान्य नागरिकासाठी निषिद्ध गटात मोडतात. आफ्रिकेत सर्रास वापरली जाणारी .३०८ ही लष्करी ७.६२×५१ ची सख्खी बहीण, त्यामुळे तीही साध्या परवान्यावर हाती येत नाही. मात्र .३०-०६ चालते. गोळीची जाडी तीच, पण काडतूस वेगळं.

शेतकऱ्याला कायदा कोणती बंदूक देतो?

१९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम १३ इथं महत्त्वाचं आहे. पीकसंरक्षणाचं खरं कारण असेल तर त्यात नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचं. ती पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे बारा बोअरसारखी, देता येते. रायफल या सोप्या वाटेत येत नाही. तिच्यासाठी वेगळं, सबळ कारण पटवावं लागतं.

म्हणजे "रोहीला .३१५ बरी की .३०-०६?" हा वाद ग्रुपवर रंगतो, पण पीकसंरक्षणासाठी अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला बहुधा या दोन्हींपैकी एकही येत नाही.

परवान्याबद्दल माहीत असाव्यात अशा गोष्टी :

- अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलिसांचा अहवाल मागवला जातो.
- वय किमान २१ वर्षं हवं. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं.
- २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली.
- निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जाऊ शकतं. त्या दिवसांत पीक उभं असलं तरी.

परवाना आहे, मग रोही मारता येतो का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. जनावर मारण्याची परवानगी वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली वेगळी घ्यावी लागते.

२०२२ च्या दुरुस्तीने या कायद्यातल्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या. हा बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार :

- रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम ११ प्रमाणे, जनावर माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झालं आहे अशी खात्री पटल्यावर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारणासह परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात यासाठी २०१५ मध्ये शासन निर्णयाने पद्धत ठरवून दिली आहे. सुरुवात करायची ती आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून.
- काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत. ते माणसाच्या जिवाला धोकादायक किंवा बरं न होण्याइतके जखमी-आजारी असतील तरच परवानगी मिळू शकते. "पीक खाल्लं" हे कारण तिथं चालत नाही.

परवानगीशिवाय रोही किंवा डुक्कर मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काळवीट मारलं तर कैद किमान तीन आणि कमाल सात वर्षांची, दंड किमान पंचवीस हजारांचा. काळविटाचं प्रकरण किती लांबतं हे सलमान खानच्या खटल्यावरून सगळ्यांना ठाऊक आहे. घटना १९९८ ची, जोधपूरच्या न्यायालयाची पाच वर्षांची शिक्षा २०१८ ची आणि पुढे अपील.

सेलूच्या काळ्या रानात ही ओळख कामाची आहे, कारण हरणांचे आणि रोह्यांचे कळप एकाच शिवारात दिसतात. रोहीचा नर निळसर करडा, मादी तांबूस. घोड्यासारखी उंच पुढची बाजू आणि मागे उतरती पाठ. एकाच जागी वारंवार पडलेला लेंड्यांचा ढीग ही रोहीची खूण. काळवीट लहान, नर वरून काळपट आणि शिंगं पिळदार. अंधारात बॅटरीच्या उजेडात फक्त डोळे चमकतात. त्या वेळी चाप ओढणारा माणूस कोणत्या अनुसूचीवर गोळी झाडतोय, हे त्यालाच ठाऊक नसतं.

परवानगीने मारलेलं जनावरही शेतकऱ्याचं होत नाही. ते सरकारी मालमत्ता ठरतं आणि वन विभागाला कळवून त्यांच्या ताब्यात द्यावं लागतं. मांस वाटून घेणं हा स्वतंत्र गुन्हा. आफ्रिकेतल्या व्हिडिओंत दिसतं ते इथं लागू होत नाही, कारण दक्षिण आफ्रिकेत कुंपण घातलेल्या खासगी कुरणातलं जनावर कुरणाच्या मालकाचं मानलं जाऊ शकतं.

बिहारमध्ये तर सरसकट मारले होते ना?

हो, पण तो मार्ग वेगळा होता. कायद्याच्या कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी एखाद्या जनावराला उपद्रवी जाहीर करू शकतं. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुकरासाठी असं झालं. जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून बोलावलेल्या निशाणेबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. त्यावरून तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी यांच्यात जाहीर वाद झाला. त्या वेळी या यादीत बिहार, उत्तराखंड आणि हिमाचल होते. महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे बिहारचा व्हिडिओ दाखवून सेलूत बंदूक काढता येत नाही.

सपाट रानाचा धोका

समजा परवाना आहे, परवानगीही आहे. तरीही बोअरच्या आधी एक प्रश्न उरतो : गोळी चुकली तर जाणार कुठे?

डोंगराळ भागात मागे टेकाड असतं, गोळी त्यात घुसते. दुधना काठचं रान सपाट. तुरीच्या पलीकडे कापूस, कापसात वेचणीच्या बाया, धुऱ्यावर बैल, आखाड्यावर झोपलेला गडी. बारीक दिसणारी .२२ ची गोळीसुद्धा एक किलोमीटरच्या पुढे जाते. .३१५ किंवा .३०-०६ ची काही किलोमीटर जाऊ शकते. जनावराला लागूनही ती आरपार निघू शकते. पीकसंरक्षणासाठी कायद्याने गुळगुळीत नळी पुढे केली, त्याचा एक फायदा असा की छर्रे लवकर थकतात.

जिथं शिकार कायदेशीर आहे तिथले जाणते लोकही नवख्याला हेच सांगतात. मोठ्या बोअरने नेम सुधारत नाही. उलट दणका जास्त बसला की माणूस चाप ओढताना दचकतो. ज्या रायफलने माणूस न दचकता खांद्यामागच्या हृदय-फुफ्फुसाच्या भागावर नेम साधू शकतो, ती मध्यम ताकदीची रायफल बरी. पोटात किंवा पायात लागलेला रोही तसाच पळतो आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरतो. पीक वाचत नाही, जनावराचे हाल होतात आणि जखमी रानडुक्कर तर माणसावर उलटतं.

बंदुकीविना काय करता येतं?

- नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, वन विभागाला लेखी कळवा आणि पंचनाम्याची मागणी करा. भरपाईचा दावा आणि मारण्याच्या परवानगीचा अर्ज, दोन्हींना हा कागद लागतो.
- अर्ज एकट्याने करण्यापेक्षा एका शिवारातल्या शेतकऱ्यांनी मिळून, गट क्रमांक लिहून केला तर नुकसानीचं चित्र अधिकाऱ्याला स्पष्ट दिसतं.
- सौर कुंपण घ्यायचं तर झटका देणारं, ठरावीक यंत्राचंच घ्या. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर मरत नाही.
- तारेत थेट वीज सोडू नका. अशा तारांनी रानडुकरांआधी शेजारचा शेतकरी, स्वतःच्या घरचं माणूस किंवा बैल गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. फास, विष, गावठी बॉम्ब हेही कायद्याच्या भाषेत शिकारच आहे.

तर मग उत्तर काय?

आफ्रिकेत पहिल्यांदा जाणाऱ्याने विचारलं तर उत्तर एका ओळीत देता येतं : .३०-०६ च्या ताकदीची, सवयीची रायफल, चांगली गोळी आणि भरपूर सराव. अनेक ठिकाणी रायफल तिथंच भाड्याने मिळते.

सेलूच्या शेतकऱ्यासाठी क्रम उलटा आहे. आधी जनावर नक्की कोणतं ते ओळखा. मग वन विभागाचा लेखी कागद. मग परवान्यातली बंदूक आणि ती चालवता येणारा माणूस. मग गोळीमागे मोकळी, माणूस नसलेली जागा. बोअरचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो. ग्रुपवर पुढच्या वेळी "कोणती बंदूक घेऊ?" असा प्रश्न आला, तर आधी विचारा : "वन खात्याकडं अर्ज केलास का?"